भोंगा झाल्यानंतर

आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला काम सांगू नये, असा आमच्या खानदेशात रिवाज आहे. तिने निंबाच्या झाडाला टांगलेल्या झोक्यावर बसावे, मैत्रिणींबरोबर गौराईची गाणी म्हणावीत, खापरावरच्या पुरणपोळीबरोबर वाटीवाटीने आमरस घ्यावा आणि दुपारी खुशाल चटईवर अंग टाकावे. शेतावरच्या सालदाराचे वर्षही आखाजीलाच संपते. जुन्या धन्याचा हिशेब मिटतो आणि नवा ठरेपर्यंत तो कुणाचाच नसतो. म्हणजे वैशाखातली ही अक्षय्य तृतीया आमच्याकडे सालदाराच्या आणि सासुरवाशिणीच्या अशा दोघांच्या सुटकेची. बैलाची पाळी पुढे पोळ्याला येते. आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे मळायचे आणि पोळ्याच्या दिवशी, काम कितीही घाईचे असो, त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही.

माझे माहेर धुळ्याचे आणि सासर जळगावचे. एरंडोल, पारोळा करीत एस.टी. दोन-अडीच तासांत पोहोचवते, तेव्हा माहेर काही सातासमुद्रापलीकडे नाही. जळगावच्या एका महाविद्यालयात मी गेली वीस वर्षे मराठी शिकवते. तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीला मी अशीच धुळ्याला गेले. झोक्यावर बसले, रस प्याले, चटईवर आडवीही झाले. पण हातात मोबाइल होता. महाविद्यालयात कसल्याशा तपासणीचे अहवाल भरायचे होते आणि दर तासा-दीड तासाने निरोप येऊन आदळत होता. ‘आजच हवे’, ‘ताबडतोब’, ‘सर्वांनी नोंद घ्यावी’. मी झोक्यावर बसून पाच वर्षांच्या उपक्रमांची यादी आठवत होते. तिसऱ्या दिवशी पिशवी भरून निघाले, तेव्हा आईने दारात माझ्या हातावर दही घातले आणि म्हणाली, “बाई, तू आली होतीस का गं?”

मला पहिल्यांदा त्या बोलण्यातला अर्थ कळला नाही. पारोळ्याच्या पुढे गाडी लागली तेव्हा कळला.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पुढे केव्हातरी सांगितले, तेव्हा ते हसले. नाना धुळ्याच्या गिरणीत टाइम ऑफिसात कारकून होते. हजेरी, पाळ्या, खाडे हा त्यांचा जन्माचा व्यवसाय. आमचे बालपण गिरणीच्या भोंग्यावर चालत असे. पहाटेच्या भोंग्याला आई चूल पेटवी, संध्याकाळच्या भोंग्याला आम्ही अंगणातून घरात येत असू. नाना म्हणाले, “भोंगा झाला की मागावरचा माणूस हात सोडायचा. धागा तुटलेला असला तरी तसाच. पुढचं दुसऱ्या पाळीचा माणूस बघेल. तुमच्या कामाला भोंगाच नाही, बाई.”

नाना गिरणीचे गोडवे गात होते असे कुणी समजू नये. कापसाचा तुस छातीत जाऊन खोकणारी, आणि मागांच्या खडखडाटाने चाळिशीतच कमी ऐकू येऊ लागलेली माणसे आमच्या आळीत घरोघर होती. गिरणी बंद पडल्यावर नानांनी एका दुकानात हिशेब लिहून दिवस काढले, तेही आम्ही पाहिले आहे. पण त्या एका भोंग्याबद्दल मात्र त्यांच्या मनात अजून आदर आहे.

आणि तो भोंगाही कुणी आपण होऊन वाजवला नव्हता. रविवारची सुट्टी आपल्याला आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती सूर्य-चंद्राबरोबरच निर्माण झाली असावी असे वाटते. प्रत्यक्षात मुंबईच्या गिरण्यांतून एकोणिसाव्या शतकात दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. गिरणीतच भांडारपालाचे काम केलेले, म्हणजे आमच्या नानांसारखेच मागावर न बसलेले पण मागावरच्या माणसाला रोज पाहणारे. ‘दीनबंधु’ पत्र ते चालवीत. १८८४ साली त्यांनी परळला कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या आज वाचताना पोटात कालवते. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. अर्धा तास! २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच मिळावा, असा युक्तिवाद लोखंड्यांनी केला होता असे सांगतात. पुढे सात वर्षांनी, १८९७ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या प्लेगात ते गेले.

आमच्या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारी एक मैत्रीण आहे. आईचा प्रश्न तिला सांगितला, तर ती म्हणाली, “तुझ्या आईने एका वाक्यात विचारलं, त्यावर आमच्यात गेली तीस वर्षं संशोधन चाललंय.” आणि तिने मला एक जाडसर चळत आणून दिली. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला बसल्या बसल्या ती मी वाचून काढली. (पर्यवेक्षण करताना वाचू नये, हे मला माहीत आहे.)

या विषयातले एक मोठे नाव म्हणजे सबीन झोनेनटाग या जर्मन विदुषी. आमच्यासारख्या भाषेच्या माणसाला गंमत वाटावी असे हे आडनाव आहे. त्याचा अर्थ ‘उन्हाचा दिवस’, आणि एक-दोन अक्षरे काढली की जर्मन भाषेत तो होतो रविवार! २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात हॉलंडमधल्या शंभर शिक्षकांनी पाच दिवस रोज डायरी लिहिली. शाळा सुटल्यावर काय केले आणि झोपायला जाताना कसे वाटत होते, एवढेच. ज्यांची संध्याकाळ वह्या तपासण्यात आणि उद्याच्या तयारीत गेली ते झोपताना अधिक शिणलेले होते. जे चालून आले, कुणाकडे गप्पा मारून आले किंवा नुसते पडून राहिले, ते बरे होते. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हटले. पण २००७ साली त्यांनी आणि शार्लट फ्रिट्झ यांनी मिळून या बरे वाटण्याची फोड केली, ती मला फार उपयोगाची वाटली. माणूस कामाच्या शिणातून सावरतो तो चार वाटांनी. एक, मन कामापासून सुटणे. दुसरी, साधा विसावा. तिसरी, कामाबाहेरचे काहीतरी नवे, थोडे अवघडसुद्धा, साधणे. आणि चौथी, मोकळ्या वेळात काय करायचे ते आपले आपण ठरवणे.

यातल्या पहिल्या वाटेशी माझे गाडे अडले होते. शरीर घरी आले, आणि मन मात्र कचेरीतच राहिले, तर तो विसावा अंगी लागत नाही. हॉलंडमधल्याच मेइमन आणि मुल्डर यांनी १९९८ मध्ये याचे कारण मांडले आहे. काम करताना शरीराच्या ज्या यंत्रणा ताणल्या जातात, त्यांच्यावरचा भार उतरला तरच त्या पूर्ववत होतात. आणि कामाची नुसती काळजी केली तरी तो भार चालूच राहतो. बैल गोठ्यात आणून बांधला, पण जू मानेवर तसेच, असा हा प्रकार.

अर्धवट राहिलेले काम मनाला अधिक चिकटते, हे तर १९२७ मध्येच ब्लूमा झायगार्निक या बाईंनी बर्लिनमध्ये दाखवले होते. माणसांना कामे दिली, काही मध्येच थांबवली. पुरी झालेल्या कामांपेक्षा अडवलेली कामे त्यांना अधिक आठवली. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे बरेच वाद झाले. पण रात्री दोन वाजता जागे होऊन ‘अरे, त्या अमक्या पत्राला उत्तर राहिले’ म्हणून दचकलेल्या कुणालाही ते पटेल. तुटलेला धागा दुसऱ्या पाळीच्या माणसाच्या हवाली करून गिरणी कामगार मोकळा होत होता. माझ्या तुटलेल्या धाग्याला दुसरी पाळीच नाही. सकाळी मीच, रात्री मीच. मैत्रिणीने एक साधा उपाय सांगितला आणि तो मला लागू पडला. निघण्यापूर्वी पाच मिनिटे बसून, राहिलेले काम उद्या केव्हा, कुठे आणि कसे करणार ते कागदावर लिहून ठेवायचे. तो कागद म्हणजे माझा दुसऱ्या पाळीचा माणूस.

लांब सुट्टीबद्दलही एक हकिगत सांगण्यासारखी आहे. इस्राएलमधल्या एका कंपनीतले ७६ कारकून सुट्टीवर गेले. वेस्टमन आणि एडन यांनी त्यांचा शीण सुट्टीआधी, सुट्टीत आणि नंतर मोजला. १९९७ साली ते प्रसिद्ध झाले. सुट्टीत शीण उतरला. कामावर परतल्यावर तीनच दिवसांत तो थोडा चढला आणि तीन आठवड्यांत मूळ पदावर येऊन बसला. तेव्हा वर्षातून एकदा माथेरानला जाऊन बारा महिन्यांची बेगमी करता येईल, या भ्रमात कुणी राहू नये. विसावा जेवणासारखा आहे, तो रोजच्या रोज लागतो. त्यातही एक क्रूर गोष्ट झोनेनटागबाईंनी २०१८ मध्ये मांडली आहे. ज्याला विसाव्याची गरज सर्वांत जास्त, त्यालाच तो घेणे सर्वांत कठीण जाते. फार थकलेला माणूस फिरायला जात नाही, गाणे शिकत नाही. तो पलंगाच्या कडेला बसून मोबाइल चाळत राहतो.

हे वाचताना मला आमच्या धुळ्याचा तुरुंग आठवला. १९३२ साली विनोबा भावे तिथे होते आणि साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, ओळीने अठरा रविवार, विनोबांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने केली. गुरुजींनी ती उतरून घेतली, आणि तेच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. आपण त्याकडे धर्मग्रंथ म्हणून पाहतो. मी या वेळी त्याकडे रविवार म्हणून पाहिले. तुरुंगात माणसाचा उठण्याचा, जेवण्याचा, झोपण्याचा वेळ दुसऱ्याच्या हातात असतो. त्यात आठवड्यातला एक तुकडा आपल्या हातात घेऊन ही माणसे काही नवे ऐकत होती, एक जण ते झपाझप लिहीत होता. वर सांगितलेली तिसरी आणि चौथी वाट ती हीच.

आणि बहिणाबाई? आसोद्याची ही लेक आणि जळगावची ही सून. लिहितावाचता न येणाऱ्या या बाईने घरातल्या आणि शेतातल्या कामाच्या ओघातच गाणी रचली. ती १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली. वर्गात त्या शिकवताना मी ‘श्रमातून काव्य’ असे काहीबाही बोलत असे. आता थोडे जपून बोलते. तिसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या बाईच्या कष्टांना गोड रंग देण्याचा मला अधिकार नाही. पण एवढे मात्र दिसते की त्यांचे हात कामात असताना मन मोकळे होते. मी झोक्यावर होते तेव्हा माझे हात रिकामे होते.

मग मी माझ्या परीने भोंगा वाजवायला सुरुवात केली. रात्री आठनंतर महाविद्यालयाचा निरोप उघडायचा नाही. दोन-चार दिवस छातीत धडधडले. आकाश कोसळले नाही. काही जणांच्या भुवया वर गेल्या, तेवढेच. पण हा सगळा भार एकट्यादुकट्याच्या निश्चयावर टाकणे बरोबर नाही. लोखंड्यांनी कामगारांना ‘रविवारी मन शांत ठेवा’ असा उपदेश केला नव्हता. त्यांनी गिरणी बंद करवली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नासहून अधिक नोकर असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर नोकराला निरोप कितपत पाठवायचे, याची बोलणी करावीच लागते. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी असे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले, आणि पुन्हा २०२५ मध्ये मांडले. महाराष्ट्र सरकारने आपल्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला. पण त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात कारखान्यांतल्या दिवसाच्या तासांची मर्यादा नऊवरून बारावर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, असे त्यात म्हटले आहे. बारा तासांनंतर घरी येऊन कोण कुणाशी बोलेल, हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे आणि संसाराचाही.

संसाराचा म्हणाले, कारण त्या चळतीतला शेवटचा निबंध वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लॉस एंजेलिसमधल्या तीस जोडप्यांचा, दोघेही नोकरी करणारी. संशोधकांनी त्यांच्या लाळेतल्या कॉर्टिसोल या द्रव्यावरून ताण मोजला. दिवस मावळताना ते उतरायला हवे. नवरा घरकामात हात लावतो तिथे बायकोचा ताण अधिक उतरत होता. आणि नवऱ्याचा कुठे अधिक उतरत होता? जिथे त्याला फुरसत जास्त होती आणि बायकोला कमी, तिथे. भारत सरकारच्या २०२४ च्या पाहणीत घरचे विनामोबदला काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात गेली आणि पुरुषांची ८८. हा निबंध मी आमच्या यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि उठून ओट्यावरची भांडी घासली. त्या दिवशी घासली, असे प्रामाणिकपणे नमूद करते. पुढे मात्र वार ठरवून घ्यावे लागले.

पण मला टोचत होते ते वेगळेच. माझ्या लहानपणीचा रविवार मला आठवला. नाना ओसरीवर वर्तमानपत्र पसरून आळीतल्या लोकांची बिघडलेली गजराची घड्याळे उघडून बसत. आठवडाभर दुसऱ्यांची हजेरी लावणारा माणूस रविवारी चिमट्याने बारीक चाके उचलताना इतका सुखी दिसे! नानांना मन सोडवण्याची विद्या कुणी न शिकवता साधली होती. आणि आई? भोंगा झाला की नाना घरी येत, आणि आईची दुसरी पाळी सुरू होई. आखाजीला मी माहेरी जाऊन चटईवर आडवी होत असे, तेव्हा पुरण कोण वाटत असे?

गेल्या वर्षी मी फोनवर तिला विचारले, “आई, तू शेवटची माहेरी कधी गेलीस?”

ती बराच वेळ आठवत होती. मग म्हणाली, “तू पाचवीत होतीस बघ. त्यानंतर दादा गेला. मग कुठलं माहेर?”

आखाजीच्या आठ दिवस आधी मी स्वतः धुळ्याला जाऊन तिला जळगावला घेऊन आले. बहात्तर वर्षांची बाई, गुडघे दुखतात, पण एस.टी.त खिडकीशीच बसायचे म्हणाली. घरी आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केले की स्वयंपाकघरात तिने पाऊल टाकायचे नाही. पहिल्या संध्याकाळीच ती रुसली. “हात बांधून बसवायला मी काय पाहुणी आहे?” मला ती चौथी वाट आठवली आणि माझी मलाच लाज वाटली. विसावा कसा घ्यायचा हे मी तिच्या वतीने ठरवून टाकले होते. मग तिने मेथी निवडायला घेतली, कारण मेथी निवडत गप्पा मारायला तिला आवडते. पोळ्या लाटणार नाही म्हणाली. पोळ्यांचा तिला पन्नास वर्षांपासून कंटाळा आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

तरी पहिले दोन दिवस ती आलीच नव्हती. दर दोन तासांनी धुळ्याला फोन. गॅस बंद केला का? दूधवाल्याला सांगितलं का? गोळी घेतली का? आणि सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा. आमच्या आळीत नळाला रोज पाणी येत नाही. येते त्या दिवशी घरात कुणीतरी हजर राहून सगळे भरून ठेवावे लागते. रात्रीसुद्धा ती उठून बसली आणि म्हणाली, “उद्या पाणी यायचंय.”

तिसऱ्या दिवशी सकाळी नानांचा फोन आला. त्यांचा आवाज दमलेला होता. “टाकी भरली. पिंप भरलं. हंडे, कळशा, बादल्या, सगळं भरलं. तिला सांग, भोंगा झाला म्हणून.”

मी फोन आईच्या कानाला लावला.

“आणि तुळशीला?”

“घातलं.”

तिने फोन माझ्या हातात दिला. दुपारी जेवण झाल्यावर कूलरसमोर जी झोपली, ती पाच वाजले तरी उठली नाही. मुलगा दोनदा डोकावून आला. मी चहा टाकला, तिचा कप झाकून ठेवला आणि दार लोटून घेतले.

सातव्या दिवशी नानांचा पुन्हा फोन. “ती कधी येणार ते विचारत नाहीये मी. वरणाच्या फोडणीत हिंग आधी की मोहरी, एवढंच विचार तिला.”

आई बाल्कनीत मासिक वाचत बसली होती. मी तिथूनच ओरडून विचारले.

“मला काय माहीत?” आई म्हणाली, आणि तिने पान उलटले.